दोन चुली आणि शेवटची वडी

आमच्या कंपनीत प्रत्येक गोष्ट दोनदा होते. एकदा लायलच्या टेबलावर आणि एकदा मार्नीच्या. ॲप एकच, 'टिप-अप' नावाचं. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर मासे धरायला खोपटी लागतात, ती भाड्याने घ्यायची सोय त्यात आहे. बर्फावरचा कुठला रस्ता चालू, कुठला बंद ते त्यात दिसतं. आणि बर्फाला भेग पडली की फोनने बोंब मारायची, हे त्याचं मुख्य काम. हे सगळं लायल सेवर्सन अँड्रॉइडवाल्यांसाठी लिहितो आणि तेच सगळं पुन्हा मार्नी कोस्की आयफोनवाल्यांसाठी लिहिते. एका घरात दोन चुली, दोन्हींवर वांग्याचीच भाजी.

मी आर्डिथ. दोन्ही चुलींवरचं चाखून बघायचं माझं काम. माझ्या जाड कोटाच्या डाव्या खिशात आयफोन असतो आणि उजव्या खिशात अँड्रॉइड. दिवसभर चुका शोधते आणि त्या दोघांना नेऊन दाखवते. मग ज्याची चूक निघाली नाही तो ज्याची निघाली त्याला सोलून काढतो.

"मागे जायचं असेल तर तुझ्या लोकांनी काय करायचं गं?" लायल विचारायचा. "पडद्याच्या कडेवरून बोट ओढायचं, हो ना? आणि हातात मोजे असले की? मग जन्मभर त्याच पानावर बसायचं?"

"मोजे काढायची अक्कल असते माझ्या लोकांना," मार्नी म्हणायची. "तुझ्या लोकांचं बोल. एकाच्या पडद्याला भोक, दुसऱ्याचा मध्ये दुमडतो, तिसऱ्याचा फोन मी शाळेत असतानाचा. वरात आहे का ॲपवाल्यांची?"

"गरिबाघरची वरात आहे बाई. तुमच्यासारखे एका साच्यातले गणपती नाहीत आम्ही."

नऊ-दहा वर्षं हे असंच चाललं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पण दर सोमवारी मार्नी लिंबाच्या वड्यांचा ट्रे भाजून आणायची आणि पहिली वडी लायलच्या टेबलावर ठेवायची. लायल ती खायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." आमच्या उत्तर मिनेसोटात याच्या वरची शाबासकी नसते. माझ्या नवऱ्याने लग्नाच्या दिवशी मला बघून हेच म्हटलं होतं.

आमचे मालक वर्न हॅगबर्ग. त्यांचं पूर्वी तळ्याकाठी रिसॉर्ट होतं, खालच्या मजल्यावरचं गळ आणि आमिषाचं दुकान अजूनही त्यांचंच आहे. ॲपच्या कंपनीच्या या मालकाकडे अजून जुना, बटणांचा घडीचा फोन आहे, त्यावर कुठलंच ॲप चालत नाही. त्यामुळे त्यांचं ॲपबद्दलचं मत कायम कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. रिसॉर्टवाले नवीन काही मागायला आले की वर्न त्यांना सांगायचे, "पुढच्या हिवाळ्यात." दोन चुली पेटवता पेटवता नवीन पदार्थ करायला वेळ कुणाला होता?

डिसेंबरात वर्न मिनिॲपोलिसला कसल्याशा परिषदेला जाऊन आले. आल्यावर आमच्यात बसले, बर्फ किती जाड झालाय ते बोलले, वॉलाय मासा यंदा कुठे लागतोय ते बोलले, दोन वड्या खाल्ल्या. मग "बरं मग," म्हणत उठले. आमच्याकडे महत्त्वाची गोष्ट बसून कुणी सांगत नाही, ती दाराची मूठ हातात धरून सांगायची असते. वर्ननी मूठ धरली तेव्हाच मी हातातला फोन खाली ठेवला.

"तिथे एक पोरगा सांगत होता," वर्न दाराला म्हणाले. "आता म्हणे एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडच्या फोनांवर चालतं. एकच कोड. सगळे तेच करतायत म्हणे."

"ऐकलंय," लायल म्हणाला.

"ऐकलंय," मार्नी म्हणाली.

"तर म्हणजे मग," वर्ननी मूठ फिरवली, "त्याला दोन माणसं लागतातच असं नाही. असं करा, दोघंही आपापला एकेक नमुना बनवा. मासेमारीच्या स्पर्धेच्या शनिवारी आर्डिथ बर्फावर नेऊन बघेल. ज्याचा बरा निघेल त्याने ॲप सांभाळायचं. दुसऱ्याचं... बघू काहीतरी."

आणि दार लागलं.

'बघू काहीतरी' म्हणजे काही नाही, हे आमच्या गावात लहान मुलालाही कळतं. इथे शाळा आहे, दवाखाना आहे, खिडक्यांचा कारखाना आहे. ॲप लिहिणाऱ्याला दुसरी नोकरी हवी तर चार-पाच तास गाडी हाकत शहर गाठावं लागतं. मार्नीची आई गावातल्या वृद्धाश्रमात आहे. मार्नी रोज दुपारी तिला सूप भरवायला जाते, कारण आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. लायलने तळ्याकाठी स्वतःच्या हाताने घर बांधलंय, पाच वर्षं झाली तरी अजून छपराचं काम चालूच आहे. दोघांपैकी एकाला गाव सोडावं लागणार होतं. कुणाला, ते माझ्या दोन खिशांवरून ठरणार होतं. मला वर्नचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या दुकानातून आलेली कॉफी प्यायले नाही.

त्यानंतर ऑफिसात भलतंच होऊन बसलं. दोघं सभ्य झाले.

"मार्नी, तुझं झालं की प्रिंटर मी वापरू का? प्लीज?"

"हो, अगदी. तूच आधी वापर ना."

लायलच्या तोंडून 'प्लीज'! भांडणाऱ्या माणसांची भीती वाटत नाही हो, एकमेकांना दार उघडून धरायला लागली की समजावं, घर मोडायला आलं.

त्यातच एक दिवस मार्नी आईकडे गेलेली असताना लायल माझ्या टेबलाशी घुटमळला. "आर्डिथ, तुझा डावा खिसा जरा देतेस? संध्याकाळी परत करतो."

"आयफोन कशाला रे तुला?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी लायल खाली कॉफी आणायला गेला तर मार्नी आली. "उजवा खिसा मिळेल का गं? आणि तो कपाटातला फुटक्या काचेचा जुना अँड्रॉइडपण."

"तोही सहजच का?"

"तुला कसं कळलं?"

मला काय कळायचं होतं ते कळलं. ही दोघं एकमेकांच्या घरात डोकावत होती, दुसऱ्याची खोड कुठे काढता येईल ते शोधत होती. इतक्या वर्षांची मैत्री आणि शेवटी ही हेरगिरी! आमच्याकडे असलं तोंडावर बोलत नाहीत. मी फक्त फोन देताना टेबलावर जरा आपटून दिले.

स्पर्धेच्या शनिवारी वर्ननी आम्हा तिघांना आपल्या पिकअपमध्ये घालून बर्फावर नेलं. तळ्यावर अख्खं गाव उतरलं होतं. आम्ही वर्नच्या खोपट्यात शिरलो. आत गॅसची शेगडी, दोन बाकं आणि जमिनीला चार भोकं, प्रत्येक भोकात एकेक गळ सोडलेला. मार्नीने मांडीवरचा वड्यांचा ट्रे मध्ये ठेवला. हातमोजे काढून मी पिशवीतून नमुने घातलेले दोन वेगळे फोन आणि तो फुटका जुना अँड्रॉइड बाहेर काढले. ऑफिसातल्या उबेत बसून बर्फावरचं ॲप तपासणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून वर्ननी इथवर आणलं होतं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं.

"आधी लायलचा," वर्न म्हणाले. "त्याच्याच फोनावर सुरू कर. अँड्रॉइडवर."

मी लायलचा नमुना उघडला, एक खोपटं निवडलं, नको वाटलं म्हणून मागे जायचं बटण दाबलं. मागचं पान यायच्या ऐवजी अख्खं ॲपच बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद.

मार्नी ताडकन उठली. "लायल! मागे जायचं बटण! मागे जायच्या बटणावरून माझं डोकं खाल्लंस ना रे इतकी वर्षं?"

लायल भोकातल्या पाण्याकडे बघत राहिला. मी आणखी दोन-चार गोष्टी करून बघितल्या. अँड्रॉइडवर लायलचं ॲप म्हणजे बिऱ्हाड नुकतंच उतरवलेल्या घरासारखं होतं, सगळीकडे खोकी.

"आता त्याचंच आयफोनवर," वर्न म्हणाले. आवाजावरून त्यांनी लायलचा निकाल लावल्यासारखा वाटला.

मी आयफोन घेतला. कडेवरून बोट ओढलं, पान अलगद मागे सरकलं. अर्ध्यात बोट थांबवलं, पान अर्ध्यात थांबलं. फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली तर ॲपनेही मुकाट्याने अक्षरं मोठी केली, एकही ओळ तुटली नाही. यादी शेवटाला पोचली की मार्नीला आवडतो तो बारीकसा झोका घेत थांबत होती. मी फोन मार्नीच्या हातात दिला. ती बराच वेळ नुसती यादी वर-खाली करत राहिली.

"मोठ्या अक्षरांचं तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तूच," लायल पाण्याकडे बघतच म्हणाला. "तुझी आई मोठ्या अक्षरात वाचते म्हणून गेल्या वर्षी महिनाभर माझं डोकं उठवलं होतंस."

मग मार्नीचा नमुना. आयफोनवर उघडला तर वरचं शीर्षक कॅमेऱ्याच्या खाचेखाली गडप. कडेवरून बोट ओढलं तर ढिम्म. खोपटं घ्यायला नाव टाकायला गेले तर कळफलक उघडून बरोबर 'पक्कं करा' या बटणावरच बसला. तिच्या स्वतःच्या आयफोनवर ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय, हा असा. आणि अँड्रॉइडवर? मागे जायचं बटण एकेक पायरी शहाण्यासारखं मागे नेत होतं. मोजे घालून दाबता येतील एवढी बटणं होती. त्या फुटक्या काचेच्या जुन्या फोनवरसुद्धा नकाशा न अडखळता सरकत होता.

लायलने तो फुटका फोन हातात घेतला आणि नाक ओढलं. थंडी होतीच म्हणा.

"आर्डिथ," वर्न म्हणाले, "तू नमुन्यांची अदलाबदल तर केली नाहीस ना?"

"मी? माझ्यावरच टाका आता सगळं!" मी म्हटलं. खरं तर मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी ज्याला हेरगिरी समजत होते ते हे होतं.

एवढ्यात माझे दोन्ही खिसे एकदम ओरडले. रोजच्या वापराचे फोन मी खिशातच ठेवले होते, त्यावर जुनं ॲप होतं, दोन चुलींवरचं. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये बर्फाला भेग पडली होती. त्यामागोमाग बाकावरचे नमुनेही वाजले. म्हणजे आयफोनवर लायलचा वाजला आणि अँड्रॉइडवर मार्नीचा. उरलेले दोन मूग गिळून गप्प.

वर्ननी बाहेर जाऊन चौकशी केली. कुणी पडलं-बिडलं नव्हतं. भेगेवर फळ्यांचा पूल टाकायला माणसं निघाली होती, पण दोन-तीन तास तरी परत जाणं नव्हतं. ते आत आले, बसले आणि शेगडीवर हात धरून दोघांकडे आळीपाळीने बघू लागले.

"सांगा आता," ते म्हणाले. "हा काय प्रकार आहे?"

आधी लायलने तोंड उघडलं. "माझं स्वतःचं काय, अर्ध्या दिवसात उरकेल असं म्हणत गेलो. ते राहूनच गेलं. पण हिच्या लोकांना उष्टं-माष्टं वाढलं असतं तर ही मला जन्मभर ऐकवत बसली असती."

"कुठला जन्मभर?" मार्नी म्हणाली. "दोघांतलं एकच राहणार होतं ना इथे?"

"हो, तेच." लायलने टोपी काढली, पुन्हा घातली. "मी राहिलो असतो तर तू गेली असतीस. मग तुझ्या लोकांचं बघायला कुणी नको? तू शहरातून फोन करून विचारणारच होतीस. काय सांगणार होतो तुला?"

मार्नीने तोंड फिरवलं. "मीही जिंकायलाच बसले होते," ती भिंतीला म्हणाली. "उगाच संत समजू नका मला. पण म्हटलं, त्या फुटक्या फोनवाल्या म्हाताऱ्यांना हा किती जपतो. हा गेल्यावर त्यांचं ॲप भेगेच्या वेळी मुकं राहिलं तर याला कुठल्या तोंडाने भेटू?"

मला वाटलं, आता वर्न विरघळतील, पण ते मालक, त्यांना ठरवायचं होतं.

"मग कुणाला ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मार्नी," लायल म्हणाला. "ती तशी वाईट नाही."

"लायल," मार्नी म्हणाली. "बरा आहे तो."

या दोघांनी एकमेकांची एवढी स्तुती चारचौघांत केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. वर्नना तर खोकलाच आला.

भुका लागल्या होत्या आणि खायला फक्त वड्या होत्या. बघता बघता ट्रेमध्ये एकच उरली. आता आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही. भूक लागली म्हणून काय झालं, लाज असते की नाही? लायलने प्लास्टिकच्या सुरीने तिचे दोन भाग केले आणि एक घेतला. उरलेल्या अर्ध्याचा अर्धा मी घेतला. मार्नीने राहिलेल्या पाव वडीचं निम्मं घेतलं. ट्रे वर्नसमोर आला तेव्हा त्यात अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा होता.

वर्ननी सुरी हातात घेतली. त्या तुकड्याकडे ते इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, खातायत आता. त्यांना खायचा हक्क होता. मालक होते, भुकेले होते, आणि एवढ्याशा तुकड्याला कोण काय म्हणणार होतं? पण त्यांनी सुरी धरली आणि तो नखाएवढा तुकडाही मधोमध कापला. एक कण तोंडात टाकला, एक ट्रेमध्ये ठेवला. मग स्वतःच्याच हाताकडे बघून ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या बापाच्यानेसुद्धा झालं नसतं," ते म्हणाले. शेवटचा तुकडा उचलणं की दोघांतलं एक काढणं, कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पूल टाकून झाला. सामान आवरून आम्ही उठलो. वर्ननी खोपट्याच्या दाराची मूठ धरली आणि मी हातातलं सामान खाली ठेवलं.

"सोमवारी ते दोन नमुने एकात घाला," वर्न दाराला म्हणाले. "एकच चूल करा. पण तिच्यापाशी दोघं बसा. अँड्रॉइड मार्नी बघेल आणि आयफोन लायल. तुम्हाला स्वतःचं घर झाडता येत नाही, दुसऱ्याचं येतं, तर तसं. जो वेळ वाचेल त्यात रिसॉर्टवाल्यांचं 'पुढच्या हिवाळ्यात' म्हणून साठवलेलं सगळं करा. खूप आहे ते, मला दर आठवड्याला शिव्या बसतात."

"आणि मी?" मी विचारलं. "कोड एक झाला तर खिसा एकच लागेल का?"

"या दोघांचा भरवसा आहे का तुला?"

"मुळीच नाही."

"मग दोन्ही खिसे ठेव," असं म्हणून ते गाडीकडे गेले.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. दोघं एकाच टेबलाशी खुर्च्या लावून बसले होते, मध्ये ट्रे होता. मी कोट काढायच्या आतच सुरू झालं.

"लायल, तुझ्या आयफोनवाल्यांचे फार लाड चाललेत हं," मार्नी म्हणत होती. "यादीला झोका कशाला हवा? माझ्या लोकांचे जुने फोन धापा टाकतात त्याने."

"माझ्या आयफोनवाल्यांना काही बोलायचं काम नाही!" लायल कडाडला. "तुझ्या त्या दुमडत्या फोनवाल्या वऱ्हाडाला सांग, धाप लागत असेल तर बाजूला बसा म्हणावं!"

मी कॉफीच्या यंत्रापाशी गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. आमच्याकडे ऑफिसात कुणी रडत नाही. पण मला आवरेना, त्याला मी काय करू?

"आर्डिथ?" मार्नीने हाक मारली. "काय झालं गं? बरी आहेस ना?"

"वाईट नाही," मी म्हटलं.